काठाचा दगड

नदी उतरू लागली तशी वैनगंगा नगरातल्या लोकांच्या जिवात जीव आला. ओल्या गाद्या उन्हात पडल्या, शेजारच्या जाहिदने टेपवर कव्वाली लावली, आणि कालपर्यंत देवाचं नाव घेणारी माणसं आज वडशाच्या बाजारात वांगी महागली म्हणून कुरकुरू लागली. एकटी कनीज तेवढी न्हाणीत उकिडवी बसून पाण्याकडे टक लावून पाहत होती. ते पाणी नदीचं नव्हतं. नातवाला आंघोळ घातलेलं ते साबणाचं पाणी होतं, आणि ते उलटं वाहत होतं.

एरवी न्हाणीतलं पाणी गल्लीकडच्या मोरीतून भसाभसा निघून जाई. आज ते मोरीकडे पाठ करून नदीकडच्या भिंतीशी जाऊन साचलं होतं. कनीजने आणखी एक तांब्या ओतला. तेही तिकडेच गेलं. सकाळी मागच्या खोलीचं दारही वरच्या कोपऱ्यात अडकलं होतं. पावसात लाकूड फुगतं हे कुणीही सांगेल, पण फुगलेलं दार सगळीकडून अडतं, एकाच कोपऱ्यात नाही. त्या खोलीत तिची लेक कहकशाँ बाळाला कुशीत घेऊन झोपली होती. कनीजला घोर लागला तो त्या खोलीचा.

खोली नदीच्या अंगाला होती आणि बाळंतिणीसाठी सासूने, म्हणजे अम्माने, तीच निवडली होती. तिथे वारा येतो, गल्लीचा कालवा येत नाही, आणि परक्या माणसाची नजर पडत नाही. चिल्ला, म्हणजे बाळंतपणानंतरचे चाळीस दिवस, पुरा व्हायला अजून थोडे दिवस होते. तोवर जच्चा-बच्चाने त्या खोलीचा उंबरा ओलांडायचा नाही, असा अम्माचा कायदा होता. अम्माचा कायदा मोडायची हिंमत या घरात कुणी केली नव्हती, गफ्फारनेही नाही. गफ्फार, कनीजचा नवरा, नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचा. हिवाळ्यात झाडीपट्टीभर त्याने रंगवलेले राजवाडे आणि बागा रात्ररात्र उभ्या असत. पावसाळ्यात ते गुंडाळून त्याच मागच्या खोलीत ठेवलेले असत. सध्या तो रंग आणायला नागपूरला गेला होता आणि पुलावर पाणी आल्याने पलीकडेच अडकला होता. तेव्हा जे काय ठरवायचं ते कनीजलाच ठरवायचं होतं.

जाहिदच्या बायकोला तिने पाण्याचं सांगून पाहिलं. ती हसली. म्हणाली, नदी पार चढली होती तेव्हा काही झालं नाही, आता उतरतीला काय होणार? सगळी वस्ती हेच म्हणत होती, आणि तेही साक्षात सरकारच्या भरवशावर. कारण ही वस्ती उंच दरडीवर होती. पाटबंधारे खात्याच्या नकाशात नदीकाठाने दोन रेषा ओढलेल्या असतात. निळ्या रेषेच्या आत बांधायचं नाही, लाल रेषेच्या आत बांधायचं तर अटी पाळून. पाणी किती उंच चढतं यावरून त्या रेषा ठरतात. वैनगंगा नगर दोन्ही रेषांच्या बाहेर, वर, ऐटीत बसलेलं. नदी वरून चढून येते तशी ती खालून दरडीचा पायही खाते, हे त्या रेषांना ठाऊक नव्हतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

अगदीच ठाऊक नव्हतं असंही नाही. लेआऊट मंजूर करताना कुणा शहाण्या साहेबाने एक अट घातली होती. घरं आणि दरड यांच्यामध्ये रुंद पट्टा मोकळा सोडायचा, आणि दरडीपाशी एक दगड रोवायचा. दरसाल पावसाळ्यात खात्याच्या माणसाने येऊन दगडापासून दरडीपर्यंतचं अंतर मोजायचं. अंतर कमी झालं की काठ खचतोय असं समजायचं आणि लगतची घरं उठवायची. अट चांगली होती. पाच-सहा साहेब आले, मोजून गेले, आणि दर वेळी अंतर तेवढंच भरलं.

मात्र मोकळा पट्टा बारीक होत चालला होता, आणि हे वस्तीतल्या प्रत्येकाला दिसत होतं. त्यावर कुणी तोंड उघडत नव्हतं, कारण प्रत्येकाच्या मनात चोर होता. जाहिदने कुंपण पुढे सरकवलं होतं. पलीकडच्यांनी गोठा काढला होता. कनीजची न्हाणी तर नकाशात नव्हतीच, ती तिने पट्ट्यातच बांधली होती. पट्टा आक्रसला तो आपल्यामुळे आणि शेजाऱ्यामुळे, अशी प्रत्येकाची खात्री होती. मग साहेबाला विचारून आपल्याच पायावर धोंडा कोण पाडून घेणार?

दुपारी जीप आली. मेश्राम साहेब, राजदीप मेश्राम, खात्याचे नवे अभियंता. तरणा माणूस, बोलायला मऊ. दरडीवर वामनराव खोब्रागडे आधीच येऊन उभे होते. लेआऊटची जमीन मूळची त्यांच्याच शेताचा तुकडा, आणि दगड रोवला त्या दिवसापासून त्याची राखण त्यांच्याकडे होती. पगार नव्हता, पण मान होता. धुतलेलं धोतर नेसून, हातात काठी घेऊन ते दरसाल हजर राहत आणि टेपचं दुसरं टोक धरत. दगडाला त्यांनी चुना लावला होता. वस्तीतली एकही भिंत नसेल एवढा तो पांढरा होता.

साहेबांनी टेप लावली, आकडा वाचला, मागच्या साहेबांचा आकडा पाहिला आणि त्यांचा चेहरा सैल झाला. काठ बोटभरही हललेला नाही, ते म्हणाले. वामनरावांची मान ताठ झाली. जमलेली मंडळी पांगायला लागली. कनीज पदर सावरून पुढे झाली आणि तिने न्हाणीच्या पाण्याचं आणि दाराचं सांगितलं.

साहेबांनी ऐकून घेतलं. ते न्हाणीपर्यंत येऊन वाकून पाहूनही गेले. मग त्यांनी समजावलं की न्हाणीला पाया नाही, पावसाने भिजून ती बसली, आणि ती बसली म्हणून तिने खोलीची भिंत ओढली. शिवाय न्हाणी पट्ट्यात आहे, म्हणजे अतिक्रमण. ते काही नोटीस काढणार नाहीत, पण बाईंनी याचा फार बोभाटा न केलेला बरा. घर रिकामं करायचं म्हणाल तर शाळेतल्या खोल्या निळ्या रेषेतल्या लोकांसाठी आहेत. नियमाने हे घर धोक्यात बसत नाही.

दारात उभी असलेली अम्मा म्हणाली, झालं समाधान? पोरीच्या खोलीत उगाच गार वारा सोडलास. जाहिदने मान हलवली. साहेब जीपकडे वळले. कनीजला वाटलं, संपलं, आपणच घाबरट. आणि तेवढ्यात आतून बाळ रडलं.

"साहेब," ती म्हणाली, "एक सांगा. न्हाणी मीच काढली, कबूल. जाहिदभाईनं कुंपण सरकवलं, तेबी सर्वायले मालूम हाय. पर न्हाणी चार हाताची अन् कुंपण दोन हाताचं. इथी बैलगाडी फिरे साहेब, पोट्टे क्रिकेट खेळत. एवढी जागा आमी नाई खाल्ली. मग खाल्ली कोणं?"

जाहिदने तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिने भरल्या पंक्तीत त्याचं ताट ओढलं. पांगलेली माणसं थबकली. साहेब आता थोडे त्रासले होते. त्यांनी पट्ट्याकडे पाहिलं, घराच्या भिंतीकडे पाहिलं, आणि वामनरावांना विचारलं की दगड तर जागच्या जागी आहे ना? त्यात विचारण्यासारखं त्यांना काही वाटत नव्हतं. बाईचं तोंड बंद व्हावं एवढाच हेतू होता.

वामनरावांना मात्र तो प्रश्न लागला. इतक्या वर्षांच्या इमानदारीवर कुणी बोट ठेवलं होतं.

"दगड कुठी जाईन साहेब? मी हावो ना. काठ जवळ आला का मी त्याले सब्बलनं उकरतो अन् मागं घेतो. दरसाल. पैल्या साहेबानं जेवढा दूर गाडला होता, तेवढाच दूर ठेवतो, दोरीनं मोजून. त्यायनं सांगतलं होतं, वामनराव, सरकारी दगड हाय, नदीत गेला तं तुमी जबाबदार. आजवर नदीले हात लावू नाई देल्लो त्याले."

जाहिदच्या घरातली कव्वाली तेवढी चालू होती.

आता यात वामनरावांचं काय चुकलं, सांगा. या भागात धानाच्या शेतांमधला धुरा, म्हणजे बांध, पाण्याने फुटला की शेतकरी आधी धुऱ्याचा दगड उचलून कोरड्यावर आणतो, कारण दगड वाहून गेला तर शेताची साक्षच गेली. चोरून दगड सरकवणारा पापी, पण पाण्यापासून वाचवणारा पुण्यवान. आज्यापासून चालत आलेली रीत. हा दगड जपायचा नाही, हा जाऊ द्यायचा आणि जाताना ओरडायचं, हे त्या माणसाला कुणी सांगितलंच नव्हतं. पहिल्या साहेबांनी सही घेतली, हात जोडले, निघून गेले. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

"मुळात कुठे होता?" मेश्राम साहेबांनी विचारलं.

वामनरावांनी काठी उचलली. दगडाच्या पुढे, दरडीच्या पुढे, थेट नदीवर धरली. तिथे गढूळ पाण्यात उपटलेलं एक झाड गोल फिरत वाहत चाललं होतं.

"तिथी," ते म्हणाले. काठी हवेत धरूनच ते थांबले. आपण काय दाखवतोय ते बोलल्यावर त्यांना कळलं, आणि त्यांनी काठी हळूच खाली घेतली.

साहेबांनी टेप तिथेच टाकली. घर रिकामं करा, आत्ताच, ते म्हणाले, आणि कनीजच्या मागे धावताना तुटक तुटक सांगत राहिले की उतरतं पाणीच वाईट. चढलेल्या पाण्याने दरड आतून भिजते, पण तेच पाणी बाहेरून तिला टेकूही देतं. पाणी झपाट्याने उतरलं की टेकू निघतो आणि भिजलेली माती उभी राहत नाही. म्हणजे वस्ती ज्याला सुटका समजून गाद्या वाळवत होती, तीच खरी घटका होती.

दारात अम्मा आडवी उभी होती. परका पुरुष घरात शिरतोय हे तिला दिसत होतं, बाकी काही दिसत नव्हतं. चिल्ला पुरा झाल्याशिवाय पोर बाहेर निघणार नाही, तिने बजावलं. तिने स्वतः चार बाळंतपणं काढली होती, ती रझाकारांच्या पळापळीत जन्मली होती, असल्या नदीला ती भीक घालत नव्हती. लग्न होऊन आल्यापासून कनीजने तिला कधी उलटून उत्तर दिलं नव्हतं. आज तिने सासूचे दोन्ही खांदे धरले.

"अम्मा, घरच नाई राह्यलं तं आतलं कोणतं अन् बाहेरचं कोणतं?"

अम्मा बाजूला झाली. पटलं म्हणून नव्हे, सुनेचे हात किती गार आहेत ते लागलं म्हणून.

मागच्या खोलीचं दार आता उघडेना. सकाळी कोपऱ्यात अडणारी फळी सगळ्या चौकटीने दाबून धरली होती. आतून कहकशाँने ओढलं, बाहेरून कनीज आणि साहेबांनी धक्के मारले, दार ढिम्म. भिंतीवर छतापासून एक चीर निघाली होती आणि तिच्यातून माती झरत होती. कहकशाँ आतून विचारत होती, अम्मी, काय झालं, फरशी काऊन वाजून राह्यली? कनीज नुसती दारावर खांदा आदळत राहिली. आयुष्यात इतकी भीती तिला कधी वाटली नव्हती, मागे एकदा गफ्फारचा अपघात झाला तेव्हाही नाही. तेव्हा निदान माणूस तिच्या डोळ्यांपुढे होता.

वामनराव सब्बल, म्हणजे पहार, घेऊन आले. सत्तरीचा माणूस घरापर्यंत पळत जाऊन आला होता. त्यांनी फळीच्या सांध्यात सब्बल घातली आणि सारा भार टाकला. फळी फाटली. त्या फटीतून कहकशाँने आधी बाळ दिलं. कनीजने ते घेतलं आणि मागे न पाहता अम्माच्या पदरात टाकून परत आली. दुसरी फळी निघायला वेळ लागला. साहेबांनी तिला लाथा घातल्या, त्यांच्या पायातून रक्त आलं. मग कहकशाँचा हात दिसला, मग डोकं, आणि कनीजने लेकीला काखेत धरून ओढून काढलं. फाटलेल्या लाकडाने पोरीची पाठ खरवडली गेली. ओरडायला सवड नव्हती. घरातून, अंगणातून ते गल्लीत आले आणि जाहिदच्या ओट्यापाशी कोसळले.

कडकडाट वगैरे झाला नाही. फाटक्या पोत्यातून धान सांडावं तसा नुसता सळसळता आवाज झाला, आणि घराची मागची बाजू खाली बसली. न्हाणी गेली. खोली गेली. पुढच्या भिंती थोडा वेळ विचार करत असल्यासारख्या उभ्या राहिल्या आणि मग त्याही गेल्या. धुरळा खाली बसला तेव्हा गल्लीतून सरळ नदी दिसत होती. पाण्यावर गफ्फारचा एक पडदा उलगडत चालला होता. त्यावर राजवाडा होता.

कनीजने नातवाला घेतलं आणि ती रडली. मोठ्याने, लाज न बाळगता. अम्माने तिच्या डोक्यावर हात ठेवला. वामनराव गल्लीच्या मध्ये मातीत बसले होते आणि कुणाच्या तोंडाकडे पाहत नव्हते. कनीजला त्यांचा राग आला. इतका आला की उठून त्यांची गचांडी धरावी. दार त्यांनीच फोडलं होतं हेही तिला त्याच क्षणी आठवत होतं. राग कुठे ठेवावा हे तिला कळेना, आणि तिने तो ठेवलाही नाही, तो राहिला.

दुसऱ्या दिवशी पंचनाम्याला तलाठी आला. सोबत मेश्राम साहेब, पायाला पट्टी बांधलेले. तलाठ्याने पहिलाच प्रश्न विचारला, घरात पाणी कितीपर्यंत शिरलं होतं? मदत पूरग्रस्ताला मिळते, तो म्हणाला, आणि पूरग्रस्त म्हणजे ज्याच्या घरात पुराचं पाणी शिरलं तो. काठ खचून घर गेलं असं लिहिलं तर बसवायला त्याच्यापाशी रकानाच नाही. त्याने आवाज खाली केला आणि सुचवलं की गुडघाभर पाणी लिहू, पंच आहेतच.

पंच होतेच, सगळी वस्ती पंच होती. पूर लिहिला की कनीजला घराची मदत मिळणार होती. दगडाचं नाव निघणार नव्हतं, म्हणजे वामनराव सुटणार होते. साहेबांचं मोजमापही सुटणार होतं. आणि काठ खचला हे कागदावर न आल्याने कुणाच्या घराला नोटीस येणार नव्हती. एकाच खोट्यात इतक्यांचं भलं क्वचितच होतं. जाहिद म्हणाला, लिहा साहेब, पंच म्हणून मी सही करतो.

कनीजने मेश्राम साहेबांना विचारलं की पूर लिहिला तर ही बाकीची घरं कशात धरतील? साहेबांनी पट्टी बांधलेला पाय सावरला. मग म्हणाले, दोन्ही रेषांच्या बाहेर. सुरक्षित.

तिने गल्लीकडे पाहिलं. जाहिदच्या घराची मागची भिंत आता थेट दरडीवर उभी होती. मनात तिने गफ्फारशी बोलून घेतलं. तो काय म्हणेल ते तिला माहीत होतं, आणि तो म्हणेल ते बरोबरही असेल, कारण डोक्यावर छप्पर नव्हतं आणि सोबत बाळंतीण लेक होती.

"पाणी घरात नाई आलं," ती म्हणाली. "घर पाण्यात गेलं. तसंच लिहा."

जाहिदचा तोल गेला. तुझं गेलं म्हणून आता आमचंबी घालवतेस का, तो म्हणाला. कनीजने फक्त विचारलं, "पोरगं कुठी हाय तुमचं, जाहिदभाई?"

जाहिदने मागे वळून घराकडे पाहिलं. मग तो घरात गेला, आणि मागच्या खोलीत झोपलेलं आपलं लेकरू पांघरुणासकट उचलून गल्लीत घेऊन आला.